कशावरूनबाई

"बरं वाटेल हो त्यांना," असं कुणी म्हटलं की बाई चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बघत आणि शांतपणे विचारत, "कशावरून?" आवाज चढलेला नसे, चेष्टाही नसे. त्यांना खरोखरच उत्तर हवं असे. दूधवाला म्हणाला, आजच्या दुधात पाण्याचा थेंब नाही, कशावरून? भटजी म्हणाले, मुहूर्त उत्तम आहे, कशावरून? समोरच्याची पंचाईत होई आणि पुढच्या वेळी तो बाईंना टाळू लागे. कलकत्त्यातल्या आमच्या मराठी मंडळात त्यांना पाठीमागे 'कशावरूनबाई' म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं. "एक बरंय," त्या म्हणत, "नाव ठेवणाऱ्यांनी निदान पुरावा बघून ठेवलंय."

मी त्यांना नुसतं बाई म्हणायचे. सत्तर सालाच्या आसपास ह्यांची बँकेतून बदली झाली आणि आम्ही भवानीपूरला त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो. आमची मंजू तेव्हा वर्षाचीही नव्हती. बाई जन्मल्या-वाढल्या कलकत्त्यातच. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी आले ते इथलेच झाले. त्यामुळे बाई मासळी-भाजी बंगालीत घेत, मुलींच्या शाळेत गणित इंग्रजीत शिकवत आणि रागावत मात्र मराठीत. वर्गातल्या बंगाली मुलींनाही "गाढवे" या शब्दाचा अर्थ माहीत झाला होता.

त्यांचे यजमान, नाना, खिदिरपूरच्या गोदीत क्रेनच्या दुरुस्तीवर होते. मूलबाळ नव्हतं. गळ्यात मफलर, ओठांत विडी, आणि जिभेवर सतत काहीतरी गोष्ट. त्यांच्याकडे एक जुनी विलायती मोटार होती, देश सोडून जाणाऱ्या कुणा तागाच्या साहेबाकडून घेतलेली. बॉनेटवर हात ठेवून नाना सांगत, "हिचा तिसरा प्लग सर्दावलाय," आणि खरंच तसं असे. गाडीच्या बाबतीत नानांना "कशावरून" विचारायची बाईंना गरज पडत नसे. ते आवाजावरून सांगत आणि ते पटे.

मग नानांचाच आवाज बसला. चार महिने काढे, गुळण्या, पुड्या झाल्या. शेवटी मोठ्या इस्पितळात घशातला कॅन्सर निघाला आणि शस्त्रक्रिया होऊन नानांचं स्वरयंत्र काढून टाकलं. गळ्याला कायमचं भोक राहिलं, श्वास तिथून. दिवसभर बोलणारा माणूस पाटीवर लिहू लागला. ओठ मात्र हलत राहायचे. अक्षरन् अक्षर स्पष्ट हलवायचे ते, फक्त आवाज नसायचा.

शस्त्रक्रियेनंतर किरणांचे शेक सुरू झाले. आठवड्यातून पाच दिवस, दुपारी. आणि ते दिवस कसे होते ते कलकत्त्यात राहिलेल्यांना सांगायला नको. कधी बंद, कधी गल्लीत बॉम्ब, कधी ट्राम जाळलेली. टॅक्सीवाला पत्ता ऐकायचा आणि "ओदिके जाबो ना", तिकडे जाणार नाही, म्हणून काच वर करायचा. ट्राममध्ये गळ्याचं भोक धरून उभं राहणं नानांना शक्य नव्हतं. राहिली ती गाडी. बाईंना चालवता येत होती, पण गाडी त्याच वेळी आजारी पडल्यासारखी झाली. चढावर दम टाकायची, चौकात बंद पडायची. एकदा इस्पितळाच्या वाटेवर भर रस्त्यात बंद पडली, पुढे मोर्चा येत होता, आणि बाईंनी नानांना आत बसवून एकटीनं ढकलत गाडी कडेला घेतली. त्या दिवशीचा शेक चुकला.

मिस्त्री तीन झाले. पहिला म्हणाला कार्ब्युरेटर, त्यानं तो बदलला. दुसरा म्हणाला कॉइल. तिसरा म्हणाला, इंजिनच उतरवायला लागेल, महिनाभर गाडी ठेवून जा. प्रत्येकाला बाईंनी विचारलं, कशावरून? पहिला हसला. दुसरा म्हणाला, "दीदीमणी, वीस वर्षं हेच करतोय." तिसरा रागावला.

"वीस वर्षं करतोय हे उत्तर नाही," बाई त्या संध्याकाळी मला म्हणाल्या. "आधी काय बिघडलंय ते कळू दे. दुरुस्त करायचं की रडायचं ते नंतर बघू." इंजिन न उघडता आतलं दाखवील असं एखादं यंत्र विकत घ्यायचं त्यांनी ठरवलं.

परवडणार होतं एकच. नानांनी कागदावर तीन नावं लिहून दिली. एक टायमिंगचा दिवा, ठिणगी वेळेवर पडते का ते दाखवणारा. दुसरं कॉम्प्रेशन गेज, सिलिंडरमधला दाब मोजणारं. तिसरं व्हॅक्यूम गेज: इंजिन हवा ओढून घेतं, त्या ओढीचं माप दाखवणारं. बाई शाळेतल्या ग्रंथालयातून, जुन्या मासिकांतून आठवडाभर वाचत होत्या. नाना कॉम्प्रेशन गेजच्या बाजूचे. गोदीत त्यांनी तेच वापरलेलं.

"कॉम्प्रेशनच घे. खात्रीचं." त्यांनी पाटीवर लिहिलं.

"त्याला चारी प्लग काढायला लागतात," बाई म्हणाल्या. "आणि एकानं गेज धरायचं, एकानं हँडल मारायचं. हँडल कोण मारणार? तुम्ही?"

नानांनी पाटी पुसली. बराच वेळ ते कोरी पाटी मांडीवर घेऊन बसले होते. मी उठायच्या बेतात होते, पण बाईंनी मला बसवलं. मग नानांनी लिहिलं, "दिवा नको. बॅटरी आधीच मरायला टेकलेली." म्हणजे तिसरं. बाईंनी मान हलवली. एका माणसाला जोडता येतं, विजेची गरज नाही, आणि एकाच काट्यावरून चार-पाच रोग ओळखता येतात. शिवाय त्या जुन्या गाडीचे वायपरही इंजिनाच्या ओढीवरच चालत. त्यांची रबरी नळी काढून तिथेच गेज लावता येणार होतं.

रविवारी सकाळी आम्ही दोघी मल्लिकबाजारात गेलो. मोडलेल्या गाड्यांच्या सुट्या भागांचे ढीग, त्यांतून वाट. एका म्हाताऱ्या दुकानदारानं आधी आमच्या मागे कुणी पुरुष आहे का ते पाहिलं. नाही म्हटल्यावर त्यानं डबीत बसवलेलं एक नवंकोरं गेज काढलं. तबकडीवर हिरवा, पिवळा, लाल पट्टा. "बहनजी, नंबर पढ़ने की ज़रूरत नहीं. हरा मतलब ठीक, लाल मतलब ख़राब."

बाईंनी ते हातात घेतलं, त्याची नळी सरळ तोंडात धरली आणि हवा ओढली. काटा चढला. मग नळी सोडली. काटा परत येताना मध्येच अडला, आणि काचेवर टिचकी मारल्यावर शून्यावर आला. त्यांनी ते खाली ठेवून ढिगातलं दुसरं उचललं, पदरानं नळी पुसली, पुन्हा ओढलं. मग तिसरं. आजूबाजूचे लोक जमले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौथं गेज काळवंडलेलं होतं, काचेला चरा होता, पण त्याचा काटा ओढलं की चढे, जीभ लावून धरलं की जागच्या जागी थांबे आणि सोडलं की थेट शून्यावर येई. बाईंनी तीन वेळा करून पाहिलं.

"हे द्या," त्या हिंदीत म्हणाल्या.

"पुराना है, बहनजी. किसी जहाज़ी ने बेचा था."

"जुनं आहे, पण शून्यावर येतं. ते तुमचं नवं शून्यावर येत नाही. ज्याला स्वतःचं शून्य माहीत नाही ते माझ्या गाडीचं काय सांगणार?"

म्हाताऱ्यानं त्या गेजसाठी नवी नळी आतून आणून दिली.

त्याच दुपारी गेज लावलं. काटा अठराच्या आसपास हवा होता. तो बारावर होता, पण स्थिर. बाईंनी कागदावरचं वाचून सांगितलं, "कुठूनतरी फुकटची हवा आत शिरतेय." त्यांनी शिवणयंत्राची तेलाची बुधली घेतली आणि हवेच्या नळ्या जिथे इंजिनाला जोडलेल्या असतात त्या सांध्यावर थेंब थेंब सोडत गेल्या. मागच्या कोपऱ्यावर थेंब पडला आणि काटा एकदम वर उडाला.

"इथलं पॅकिंग फाटलंय," बाई म्हणाल्या.

खुर्चीत बसलेल्या नानांनी पाटी वर केली. त्यावर लिहिलं होतं, "कशावरून?"

त्या संसारात मी ऐकलेलं ते सर्वांत मोठं हसणं. एकाचं आवाजासकट, एकाचं आवाजाविना. पॅकिंग बदललं, आणि हिवाळाभर एकही शेक चुकला नाही. रोज निघण्यापूर्वी बाई गेज लावत आणि काट्याचा आकडा गॅरेजच्या भिंतीवर खडूनं लिहीत.

त्याच हिवाळ्यात एका दुपारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी बॉम्ब फुटला. काचा खडखडल्या, कावळे उठले, मी जिन्यातच खाली बसले. मंजू खालच्या पायरीवर नानांच्या पाटीवर रेघोट्या ओढत होती. तिनं मान वर केली नाही.

बाई तिच्याकडे बघत उभ्या होत्या. चार दिवसांनी वर आल्या, दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "शैला, मंजूला ऐकू येत नाही असं मला वाटतं."

"कशावरून?" मी म्हटलं. तो शब्द मी त्यांना फेकून मारला होता.

"मी तिच्या मागे पातेलं आपटून पाहिलं. तीन वेळा, तीन दिवशी. तिची सावली पडली तर ती वळते. आवाजानं वळत नाही."

मी त्यांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तुम्हाला मूल नाही, तुम्हाला काय कळणार, हेही त्यात होतं. पुण्याहून सासूबाईंचं पत्र होतं: घरात मराठी, बाहेर बंगाली, मोलकरीण हिंदी बोलणारी, पोर गोंधळली आहे, उशिरा बोलेल. मला ते पत्र हवं होतं. तीन आठवडे मी खाली उतरले नाही. पण त्या तीन आठवड्यांत मी स्वतः पातेली आपटत होते. एका सकाळी मी बाईंच्या दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी काही विचारलं नाही. "दुपारी नानांना घेऊन जायचंच आहे," म्हणाल्या, "कानाचा विभाग त्याच आवारात आहे. अडीचला तयार राहा."

नाना शेकाच्या खोलीत आणि मी कानाच्या, अशी ती दुपार गेली. नसच निकामी होती. दोन्ही कानांची. येताना मंजू माझ्या मांडीवर झोपली होती. घर आल्यावर बाईंनी इंजिन बंद केलं, पण उतरल्या नाहीत.

"धीर धर असं मी म्हणणार नाही," त्या समोर बघत म्हणाल्या. "आजपासून तिच्याशी पाठमोरं बोलायचं नाही. तोंडासमोर बसायचं, उजेडात. एवढं आपल्याला करता येईल."

आणि ते सर्वांत आधी केलं नानांनी. त्यांना आवाज नव्हता आणि तिला कान नव्हते. ते तिला समोर बसवत, ओठ नीट हलवत, "बॉल" म्हणत, "मांजर" म्हणत, आणि वस्तूवर बोट ठेवत. आम्ही बोलायचो तेव्हा आवाजाच्या भरवशावर अर्धं गिळायचो. नाना गिळत नसत. महिन्या-दोन महिन्यांत मंजू त्यांच्या ओठांकडे बघून मांजर शोधायला धावू लागली. मंडळातल्या एक काकू ते बघून म्हणाल्या, "देव एक दार लावतो, दुसरं उघडतो." बाईंनी त्यांना विचारलं, "आणि लावतो कशाला?" त्या काकू नंतर आल्या नाहीत.

उन्हाळा आला तेव्हा एकाच पंधरवड्यात दोन गोष्टी झाल्या. गेजचा काटा, इतके दिवस स्थिर असलेला, ठरावीक वेळानं खाली पडून वर येऊ लागला. बाईंनी एकेका प्लगची तार काढून पाहिली. तिसरी काढली तरी इंजिनाला फरक पडला नाही. "तिसऱ्याचा व्हॉल्व्ह जळतोय," त्या म्हणाल्या. ते काम म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उतरवून गाडी तीन-चार आठवडे उभी. इस्पितळाच्या फेऱ्यांमधून तेवढे दिवस मिळणार नव्हते. तशीच चालवायची ठरली.

दुसरी गोष्ट, नानांना पाठीत दुखू लागलं. इस्पितळातले मोठे डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. मोठे डॉक्टर निघून गेले. मागे राहिलेल्या तरुण बंगाली डॉक्टरनं क्ष-किरणाची फिल्म खिडकीवर धरली आणि बाईंना बोटानं दाखवलं. फुप्फुसात, मणक्यात. बाईंनी त्याला नमस्कार केला. घरी येऊन मला म्हणाल्या, "वयानं कोवळा होता. पण त्यानं दाखवलं."

नानांचे धाकटे भाऊ हावड्याला राहत, तिथे त्यांचा छोटा कारखाना होता. ते धावत आले. पुढच्या खोलीत त्यांनी बाईंना हात जोडून सांगितलं, "वहिनी, दादाला एक शब्द कळता कामा नये. माणूस आशेवर जगतो."

"भाऊजी, त्यांचा गळा कापलाय, कान नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही हळू बोलताय ते त्यांना आत ऐकू येतंय."

त्या आत गेल्या. मी मंजूला घ्यायला आले होते ती दारातच अडकले. बाईंनी खुर्ची ओढली, नानांच्या समोर बसल्या आणि फिल्मवर काय दिसलं ते सगळं सांगितलं, वर्गात पायरी पायरीनं गणित सोडवतात तसं. नानांनी लिहिलं, "किती?"

"चार महिने. फार तर पाच."

नाना खिडकीबाहेर बघत राहिले. गॅरेजचं दार तिथून दिसायचं. मग त्यांनी लिहिलं, "गाडी आधी की मी?"

बाईंनी उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. "तुम्ही," त्या म्हणाल्या.

नानांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. हसत होते. बाईही हसल्या, आणि मग त्यांनी नानांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. हावड्याचे भाऊ उठून बाहेर गेले. त्यांनी वहिनीला ते कधीच माफ केलं नाही. पण त्यानंतर नानांनी काय केलं ते मी पाहिलंय. त्यांनी बाईंना हेड कसं उतरवायचं ते चित्रं काढून लिहून ठेवलं. जुन्या मित्रांना बोलावून पाटीवर गप्पा मारल्या. मंजूला रंगांची नावं शिकवली. आशेवर ठेवलं असतं तर यातलं काय झालं असतं, मला माहीत नाही.

चार महिने पुरे व्हायच्या आधीच ते गेले, सकाळी, घरीच. शेवटचे दिवस वेदनेचे होते, त्यात सांगण्यासारखं काही नाही. बाई शेजारी होत्या.

तेराव्यानंतरच्या रविवारी गॅरेजमधून लोखंडाचा आवाज आला म्हणून मी खाली गेले. बाईंनी नानांच्या चित्रांबरहुकूम एकटीनं हेड उतरवलं होतं. पांढऱ्या लुगड्याला ग्रीस. तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह त्यांच्या हातात होता, आणि त्याची एक कड जळून खाच पडली होती. त्या खाचेवरून बोट फिरवत त्या पायरीवर बसल्या होत्या.

"तुम्ही सांगितलं होतं तेच," मी म्हटलं.

"हो." व्हॉल्व्ह खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं, एखादी तरी गोष्ट माझी चुकेल." आणि त्यांना रडू फुटलं. इतक्या महिन्यांत मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहत होते. मी "असू दे" म्हटलं नाही. शेजारी बसले.

पुढच्या वर्षी ह्यांनी अर्ज करून पुण्याला बदली मागून घेतली, तिथे मुक्या-बहिऱ्या मुलांची शाळा होती म्हणून. शाळेचा शोध बाईंनीच घेतला होता, सात ठिकाणी पत्रं लिहून. "मुलं किती बोलायला लागली ते विचारलं," त्या म्हणाल्या, "इमारत केवढी आहे ते नाही." नंतर पत्रं येत राहिली. मंजूसाठी वेगळा कागद असायचा, मोठ्या अक्षरांतला.

मंजू नऊ वर्षांची असताना बाईंचं एक पत्र आलं. चार ओळींचं. "शैला, माझ्या पोटात गाठ आहे. पसरली आहे. मी फिल्म पाहिली. दुर्गापूजेच्या सुट्टीपर्यंत मी बोलण्याजोगी असेन. मंजूला घेऊन यायचं असेल तर त्याआधी ये."

त्या पत्रात न कळण्यासारखं काही नव्हतं. तरी मी उत्तर लिहिलं की असं वेडंवाकडं मनात आणू नका, तुम्ही खडखडीत बऱ्या व्हाल, हल्ली खूप नवी औषधं निघाली आहेत. मंजूची सहामाही परीक्षा आहे, दिवाळी झाली की आम्ही येतोच. ते पत्र लिहून मला बरं वाटलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही, तेव्हाही मी स्वतःला समजावलं की टपाल रखडलं असेल.

दिवाळीनंतर आम्ही दोघी हावड्याला उतरलो आणि भवानीपूरला गेलो. खालच्या मजल्याचं दार एका अनोळखी बाईनं उघडलं. त्यांना राहायला येऊन दहा दिवस झाले होते. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. दीदीमणी पूजेच्या सप्तमीला गेल्या, असं त्यांना शेजाऱ्यांकडून कळलं होतं. भिंतींना नवा चुना लागला होता.

मंजू माझ्या ओठांकडे बघत होती. तिनं विचारलं, बाई कुठे आहेत. क्षणभर माझ्या मनात आलं, गावाला गेल्या म्हणावं. मग मी तिचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि एकेक शब्द नीट उच्चारत सांगितलं, "बाई वारल्या. त्यांनी आपल्याला वेळेवर बोलावलं होतं. आपण उशिरा आलो, ते माझ्यामुळे."